सोसायटीतला थर्माकोल शेवटी कुठे गेला - माझा अनुभव

दिवाळीच्या सेलनंतर आमच्या सोसायटीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीनच्या खोक्यातला थर्माकोल पार्किंगच्या कोपऱ्यात छताला टेकला होता. भंगारवाल्या दादांना विचारलं तर ते हसले, म्हणाले पुठ्ठा द्या, हे नको, हातगाडी भरते पण काट्यावर काहीच दिसत नाही. बरोबरच आहे म्हणा, थर्माकोलमध्ये साधारण 98 टक्के हवाच असते आणि उरलेलं पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक. म्हणजे आपण हवा विकायला निघालेलो.

एका काकांचं म्हणणं पेट्रोलमध्ये विरघळवून टाका. विरघळतं खरंय, पण त्याचा जो चिकट लगदा होतो तो पेटला की अंगाला चिकटून जळतो, असलं काही पार्किंगमध्ये करू नका प्लीज. जाळायचा तर विषयच नको, त्या काळ्या धुराने खालचा मजला खोकत बसेल.

मग ओळखीतून भोसरीकडे एक शेडवाला मिळाला जो थर्माकोल घेतो, पण त्याच्या अटी होत्या. कोरडा हवा, स्वच्छ हवा, चिकटपट्टी आणि लेबलं काढलेली हवीत, जेवणाची ताटं-वाट्या चालणार नाहीत कारण त्यांना तेल आणि अन्न लागलेलं असतं आणि चंदेरी कागद चिकटवलेला असतो तो निघत नाही. (तशी ती ताटं आणि सजावटीचा थर्माकोल आपल्याकडे 2018 लाच बंद झालाय, तरी कोणाच्या तरी माळ्यावर जुनं मखर निघतंच.) आणि तो वाकणारा मऊ फोम असतो ना, जो दाबला की परत फुगतो, तो थर्माकोल नाहीच, तो पॉलिथिलीनचा, तो वेगळा काढायचा. ओळखायची सोपी खूण म्हणजे मोडून बघा, थर्माकोल कट्कन तुटतो आणि दाणे सुटतात. तुकड्यावर छापलेल्या बाणांच्या त्रिकोणात 6 आकडा असला तर पॉलिस्टायरीन, 4 असला तर तो दुसरा. रविवारी पोरांना कामाला लावलं, पट्ट्या सोलता सोलता सगळ्यांच्या केसात पांढरे दाणे, झटकले तरी जात नाहीत, परत येऊन चिकटतात.

छोटा हत्ती शिगोशीग भरला, वर जाळी टाकून दोरीने आवळला, नाहीतर हायवेला निम्मा उडाला असता. तिकडे वजन केलं तर तीस किलोसुद्धा नाही!! टेम्पोवाला आमच्याकडे बघत राहिला.

पण मशीन बघायला मजा आली. वरून तुकडे टाकायचे, आत दातेवाला रोलर त्यांचा चुरा करतो, मग स्क्रू तो चुरा दाबत गरम नळीत ढकलतो, पॉलिस्टायरीन शंभर डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, हवा निघून जाते आणि पुढून सोऱ्यातून चकली पडावी तसा जाड गरम दोर बाहेर येतो. तो ट्रेमध्ये वेटोळं घालून गार होतो आणि दगडासारखी वीट तयार. आख्खा टेम्पो दोन-तीन विटांत संपला, आकार पन्नास पटीने तरी कमी होतो. वास मात्र येतो, पंखे चालू होते तरी डोकं जड झालं.

त्या विटा पुढे प्लास्टिकचे दाणे बनवणाऱ्याकडे जातात, तिथे भरडून परत वितळवून बारीक तारा काढतात, पाण्यात गार करून कापतात, झाले दाणे. त्यातून फोटोफ्रेमच्या पट्ट्या, हँगर, शाळेतल्या पट्ट्या वगैरे होतं. परत थर्माकोल का नाही करत विचारलं, तर म्हणे फुगवायला दाण्यात पेंटेन नावाचं पटकन वाफ होणारं रसायन भरावं लागतं, मग वाफ द्यायची, ती सगळी सोय वेगळी, आपल्याकडे नाही.

पैशाचं म्हणाल तर जे मिळालं त्यात टेम्पोचं भाडंही सुटलं नाही. वितळवणं सोपंय हो, ही हवा वाहून नेणंच महाग पडतं. म्हणून आता शेजारच्या दोन सोसायट्यांना सोबत घेतलंय, तुकडे मोडून गोणीत दाबून भरतो म्हणजे एका खेपेत जास्त मावतं आणि भाडं तिघांत वाटलं जातं. कोणी द्यायला जाणार असाल तर आधी फोन करून विचारा मासळीचे डबे घेतात का, आमचा शेडवाला वासामुळे हातही लावत नाही.