कुंभाराचे चाक आणि १४९९ मधला एक ग्रंथ

खानापूरला आजोळी गेलो की कुंभारांच्या आळीत जाऊन फिरते चाक पाहत बसणे हा माझा सुट्टीतला नेमच होता, आणि "हे चाक पहिल्यांदा कुणी केलं?" असे विचारल्यावर आजोबा म्हणत, "कुणाला ठाऊक बाळा, पण कुणीतरी डोकं चालवलंच असणार की."

हाच प्रश्न एका माणसाने अख्ख्या ग्रंथाचा विषय केला होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. इटलीतील उर्बिनोच्या पॉलिडोर व्हर्जिलने वस्तूंच्या शोधकर्त्यांविषयीचा आपला लॅटिन ग्रंथ १४९९ मध्ये व्हेनिसला छापून घेतला. युरोपात १५०१ पूर्वी छापलेल्या पुस्तकांना अभ्यासकांनी जे लॅटिन नाव दिले आहे त्याचा मूळ अर्थ पाळणा असा आहे. हा ग्रंथ त्या पाळण्यातलाच. लिपी, संगीत, वैद्यक, कायदे, शेती, विणकाम, नौकानयन अशा विषयांचा उगम त्याने तीन भागांत शोधला, आणि १५२१ मध्ये ख्रिस्ती आचारविधींच्या उगमाविषयी आणखी पाच भाग जोडले. धर्मपीठाला ते रुचले नाही व ग्रंथ निषिद्ध ठरला.

पॉलिडोरचा मोठा आधार म्हणजे रोमन लेखक प्लिनी. कुंभाराच्या चाकाचा मान प्लिनीने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियाच्या अनाखार्सिस या प्राचीन तत्त्वज्ञाला दिला आहे आणि काहींच्या मते तो ग्रीसमधल्या कोरिंथच्या हायपरबियसचा, हेही लगेच नोंदवले आहे. इतिहास म्हणून यातले काहीच टिकत नाही, कारण अनाखार्सिसच्या कितीतरी शतके आधी सिंधू संस्कृतीतले कुंभार चाकावर भांडी घडवत होते. तरीही कोणती गोष्ट कोणी सांगितली हे नोंदवण्याची, आणि दुसरे मत असेल तर तेही शेजारी मांडण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. आपल्या प्राचीन विद्येचा गौरव करणाऱ्या लेखनात तिची उणीव मला वरचेवर जाणवते.

मुद्रणाविषयी मात्र पॉलिडोर उत्साहाने लिहितो: अनेकांना वर्षभरात जेमतेम लिहून होईल तेवढा मजकूर एक माणूस एका दिवसात छापतो. ते वाचताना मला आपल्याजवळची मिरज आठवली, जिथे पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. छापा सुलटा उमटावा म्हणून प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी पत्र्यावर उलटी कोरावी लागते, या एका विचाराने मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

गेल्या रविवारी खानापूरला गेलो होतो. त्याच आळीतल्या कुंभारमामांना अनाखार्सिसची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी मातीवरचा हात न काढता विचारले, "आणि त्याला कुणी शिकवलं होतं?"