बेलापूरच्या खाडीतून कोचीला: आमच्या यॉटचा जहाजावरचा प्रवास

मित्राची बदली कोचीला झाली आणि त्याच्या मागोमाग त्याची २६ फुटी शिडाची यॉटही निघाली. मे अर्धा सरला होता. पावसाच्या तोंडावर ती समुद्रातून न्यायची आमची छाती नव्हती, म्हणून मालवाहू जहाजावर चढवायचं ठरलं. बोटीची रुंदी अडीच मीटर आणि बंद कंटेनरचं दार साधारण २.३४ मीटर, तेव्हा तो विषय तिथेच संपला. ४० फुटी फ्लॅट रॅक घेतला: खाली तळ, दोन टोकांना भिंती, बाजू आणि छप्पर मोकळं.

तारीख दिवाळे कोळीवाड्यातल्या एका तांडेलकाकांनी ठरवून दिली. "पुनवेला या, दुपारी बाराला." आपल्याकडे उधाणाची मोठी भरती बाराच्या आसपासच येते. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत आमची १.४ मीटरची कील (बोटीच्या तळाखाली उतरलेला जड पंखा) गाळात बसली असती. क्रेनचे पट्टे प्रोपेलरच्या शाफ्टवर येऊ नयेत म्हणून बोट पाण्यात असतानाच डेकवर जागा टेपने दाखवून ठेवल्या होत्या. तुम्हीही ठेवा, क्रेनवाल्याला पाण्याखालचं दिसत नाही.

बोट वर आली आणि आम्ही जेवायला गेलो. चूक! तळाला चिकटलेली कालवं ओली असताना खरवडली तर निघतात. तासाभराच्या उन्हानंतर सिमेंट होतं. संध्याकाळपर्यंत खरवडत बसलो.

डोलकाठी उतरवण्याआधी प्रत्येक टर्नबकलचे (डोलकाठीच्या तारा ताणून धरणाऱ्या फिरकीच्या स्क्रूचे) आटे कुठवर आहेत ते टेपने खुणावून फोटो काढले. पिना लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, बरणीवर नाव. काठी गोधड्यांत गुंडाळून डेकवर आडवी बांधली. आजीला हे अजून सांगितलेलं नाही.

पाळण्याबद्दल (बोट ज्यात उभी ठेवतात त्या लाकडी सांगाड्याबद्दल) एकच गोष्ट लक्षात ठेवा: सगळं वजन कीलवर. बाजूचे टेकू फक्त बोट उभी धरण्यापुरते. त्यांच्यावर भार आला तर हल, म्हणजे बोटीचं अंग, आत दबतो. बोट परदेशी जाणार असेल तर पाळण्याच्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का (गाभ्यात ५६ अंश, ३० मिनिटं) हवाच. डिझेल जेमतेम, पाण्याच्या टाक्या कोरड्या, बॅटरीच्या तारा सोडलेल्या. स्वयंपाकाचा सिलिंडर आणि संकटकाळी पेटवायचे इशाऱ्याचे फ्लेअर घरीच.

किल्ला जंक्शनवरून आम्र मार्गाने, गव्हाण फाट्यावरून न्हावा-शेव्याच्या यार्डात पोचलो, आणि तिथे आमचं गणित फसलं. बुकिंगला उंची दिली होती कीलच्या तळापासून केबिनच्या छतापर्यंत. कीलखालचे ठोकळे आणि नाळेवरचा (बोटीच्या पुढच्या टोकावरचा) स्टीलचा कठडा मोजलाच नव्हता. १८ सेंटिमीटर जास्त भरले. फ्लॅट रॅकवर ठरल्या मापाबाहेर गेलेल्या मालाला शेजारच्या जागांचेही पैसे पडू शकतात, म्हणून यार्डवाले मापाला कडक असतात आणि ते बरोबरच आहे. भर उन्हात दोन तास कठड्याचे बोल्ट सोडत बसलो. माप पाळण्यावर ठेवल्यावरच घ्या, सर्वांत उंच खिळ्यापर्यंत.

कोचीच्या वल्लारपाडम कंटेनर बंदरात बोट उतरली तेव्हा टर्नबकल खुणांवर नेमके बसले. नुकसान झालं ते आमच्याच ताडपत्रीने: एक कोपरा सुटून वाटभर फडफडला आणि जेलकोटची (बोटीवरच्या चकचकीत बाहेरच्या थराची) चकाकी तळहाताएवढी घासली गेली. पुढच्या वेळी ताडपत्री नाहीच.