जुन्या पेठेत नवं न्यायसंकुल: दर्शनी भागाआधी वाटा आखा

न्यायसंकुलाचा आराखडा समोर आला की सगळ्यांची नजर कमानींकडे जाते. पाहायच्या असतात त्या वाटा. न्यायाधीश, कोठडीतले आरोपी आणि पक्षकार-वकील या तिघांच्या वाटा गाडीतून उतरल्यापासून न्यायदालनापर्यंत एकमेकींना छेदता कामा नयेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत अष्टकोनी मनोऱ्यांमधून न्यायाधीशांचे वेगळे जिने आहेतच. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध बंडू’ या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर असुरक्षित साक्षीदारांसाठी चौथी वाटही धरावी लागते. पीडित मुलगी आणि आरोपी जिन्यावरच समोरासमोर आले, तर साक्षीच्या खोलीत पडदा लावून काय उपयोग?

पेठेतला भूखंड अरुंद, म्हणून वाटा उभ्या रचायच्या. तळघरात पोलीस व्हॅन आणि कोठडी, दर दोन न्यायदालनांमध्ये आरोपींची एक लिफ्ट, मागच्या अंगाला न्यायाधीशांचा बोळ, रस्त्याकडे लोकांचा व्हरांडा. घोळ होतो तो तळघराच्या उतारावर. तो साध्या मोटारीच्या मापाने काढलेला असतो. व्हॅन वळत नाही, टप छताला घासतो आणि शेवटी आरोपी रस्त्यावरच उतरवून गर्दीतून न्यावे लागतात.

जमिनीची चौकशी नकाशाच्याही आधी. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. मोजणी स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून करायची. इथे चुकलं की अख्खा नकाशा सरकतो. पुण्यातल्या पेठांखाली कात्रजहून शनिवारवाड्याकडे आलेले पेशवेकालीन नळ (पाण्याचे बांधीव बोगदे) आणि त्यांचे उच्छ्वास (हवा सुटण्याची तोंडं) आहेत. अशा ठिकाणी आधी हाताने चाचणी-खड्डे घ्यावेत, यंत्र नंतर. शेजारचे वाडे चुन्यातले असतील तर पाईल, म्हणजे पायाचे खोल खांब, ठोकून घालू नका, भोक पाडून घाला. काम सुरू होण्याआधी त्या वाड्यांच्या प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो घ्या आणि तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरने बसवा. पट्टी तडकली की खोदाई थांबवायची. खड्ड्यातलं पाणी भराभर उपसल्यानेही शेजारचा पाया खचतो.

जुनी दगडी इमारत संकुलात ठेवायची असेल, तर तिच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नका. ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अभिलेख कक्ष तिच्या लाकडी मजल्यावर तर मुळीच नको. भारतीय मानकात साध्या कार्यालयाच्या मजल्यावर दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन भार धरतात, ग्रंथसाठ्याच्या खोलीला किमान ६. दप्तरांच्या कपाटांचा वर्ग वेगळा आहे, त्याला ५. त्यांना तळमजला हवा, पण पुराच्या पातळीच्या वर. मुद्देमालाची खोली वेगळी आणि हवेशीर.

व्हरांड्यावर काटकसर करू नये, असं आमचं ठाम मत आहे. बाक आणि बसलेल्यांचे पाय यांत मीटरभर जागा जाते. दोन व्हीलचेअर शेजारून जायला १.८ मीटर लागतात. त्यात पुकारा झाला की माणसं दाराशी गोळा होतात. म्हणून साडेतीन मीटरच्या खाली येऊ नका. पुकारा व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू यायला हवा. नाहीतर खेड्यातून पहाटेच्या एसटीने आलेल्या म्हातारीची तारीख ती तिथे बसलेली असतानाच निघून जाते.

टायपिस्ट, नोटरी, स्टॅम्पविक्रेते फाटकाबाहेर बसतात, ते बहुतेक नकाशांत नसतात. त्यांची आधी मोजदाद करून तळमजल्यावर सावलीतले ओटे आणि विजेचं कनेक्शन द्या. नाहीतर ती टेबलं महिनाभरात अग्निशमन बंबाच्या वाटेवर येतात.