गुणगुणणारी बाई

स्पेनमध्ये संत याकोबाच्या कबरीपर्यंत पायी यात्रा करून आले. शेवटचं ठिकाण, सांतियागो, कसं होतं, असं सगळे विचारतात. छान होतं. रांगेत उभं राहून प्रमाणपत्र घेतलं, मिस्साला बसायला जागा मिळाली नाही. बुर्गोस आणि लेओनची कॅथेड्रलं पाय ठणकत असताना पाहिली, म्हणजे न पाहिल्यातच जमा. मला आठवते ती वाटेतल्या कार्रिओन गावाच्या पुढची दुपार.

आदल्या संध्याकाळी तिथल्या नन्सनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला होता. त्या भरवशावर सकाळी उशिरा निघाले. तिथून काल्सादियापर्यंत 17 किलोमीटर एकही गाव नाही. जुना रोमन रस्ता, नाकासमोर सरळ. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, सावली औषधालाही नाही. अर्ध्या वाटेत डाव्या टाचेचा फोड फुटला.

बाबा गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं तेच ऐकवायचा : परीक्षा आल्या तर आनंदच माना. मी मान डोलवायचे. यांना सांगायला काय जातं! आणि आता याकोबाच्याच कबरीकडे लंगडत निघाले होते. खरं तर हा याकोब वेगळा. सांतियागो दे कंपोस्तेलाचा तो जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. पत्र लिहिणारा, परंपरेने मानतात तो, प्रभू येशूचा भाऊ. पण टाच सोलवटलेली असताना एवढा विवेक कुठला राहायला? दोघांनाही मनातल्या मनात सुनावलं. प्रभूलाही सोडलं नाही.

तेवढ्यात मागून ते गुणगुणणं आलं. देवा, आता हीच? सत्तरीची, बहुधा पोलिश बाई. एकच चाल, तीही बेसूर. तिला टाळायला बुर्गोसपासून मी पहाटे निघत होते, नेमकी आज उशीर केला होता.

ती थांबली. काही न विचारता मला सॅकवर बसवलं, पाय मांडीवर घेतला, ओला मोजा सोलून काढला. नाक मुरडलं, हसली. पाणी ओतून टाच धुतली, टिपली, वर पट्टी चिकटवली. हे सगळं गुणगुणतच. मग स्वतःच्या सॅकला सेफ्टी पिनेने वाळत अडकवलेले मोजे काढून माझ्या पायांत चढवले. उन्हाने कढत झालेले, एकाला अंगठ्यापाशी रफू.

पुढचं अंतर तिच्या मागून चालले. बाबाही चर्चमध्ये असेच गायचे, पट्टी सोडून, सगळ्यांच्या वर आवाज काढून. लहानपणी मला इतकी लाज वाटायची, की मी दोन बाकं सोडून बसायचे. त्या रस्त्यावर ते आठवलं आणि मला मोठ्याने हसू फुटलं. बाईने वळून पाहिलं, मान हलवली आणि चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. मीही धरली. शब्द येत नव्हते. टाच ठणकतच होती.

काल्सादियाला यात्रेच्या वहीवर शिक्का घेतला. रात्री ती माझ्याच खालच्या बेडवर. पहाटेपर्यंत घोरली. तेही बेसूरच.