तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन पुढे असलेलीच गाडी का?

कार-रेसिंगच्या सिम्युलेटरमध्ये जीटी३ची (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांची) लांब शर्यत असली की प्रश्न ठरलेला असतो. फेरारी, पोर्शे, मॅक्लारेन हाताशी असताना मर्सिडीज-एएमजीच का? पुढे इंजिन, लांब नाक, वळता वळत नाही.

पुढे इंजिन म्हणजे सगळा भार पुढच्या चाकांवर, हा समज आधी सोडा. एएमजी जीटी३चं ६.२ लिटरचं व्ही८ इंजिन पुढच्या अॅक्सलच्या मागे बसतं आणि गिअरबॉक्स थेट मागच्या चाकांपाशी असतो. २०१६ साली जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवरची २४ तासांची शर्यत याच गाडीने जिंकली आणि बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवरची बीएमडब्ल्यू एम६ जीटी३ने. तिचंही इंजिन पुढेच. पूर्वी मी एवढं सांगून थांबायचो. पण खऱ्या ट्रॅकवर गाडी जिंकली, म्हणून घरात स्टिअरिंग धरून बसलेल्याला ती का सोयीची, हे त्यातून कळत नाही.

खरं कारण हातात आहे. मागची चाकं सुटायला लागली की खऱ्या गाडीत ते कमरेला कळतं. सिममध्ये खुर्ची स्थिर असते. गाडी आडवी होताना पडद्यावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पुढची चाकं घसरली की मात्र स्टिअरिंग लगेच हलकं पडतं. म्हणून ज्या गाडीची खोड पुढच्या टोकाला आहे, ती मला वेळेत सांगते. अट एकच: फोर्स फीडबॅकचा (स्टिअरिंगमधली मोटर हाताला देते त्या जोराचा) गेन इतका वाढवू नका की सिग्नल वरच्या मर्यादेला कापला जाईल. तसं झालं तर नेमका हा हलकेपणाच हरवतो आणि मग गाडीला नावं ठेवली जातात.

स्पाचं रिव्हाज घ्या. उताराचं, लांबलचक उजवं वळण. रस्ता जवळजवळ उलटा फिरतो आणि सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर येतो. स्टिंटचा (दोन पिट थांब्यांमधल्या टप्प्याचा) शेवट, टायर झिजलेले. सरळ रेषेत असतानाच पूर्ण जोराने ब्रेक, दुसऱ्या गिअरपर्यंत खाली. स्टिअरिंग वळायला लागलं की ब्रेकचा दाब सोडत सोडत दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा आणि एपेक्सपर्यंत, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपर्यंत, पाय तिथेच ठेवायचा. वळणाच्या मध्यावर नाक बाहेर जायला लागतं. इथे बहुतेक जण स्टिअरिंग आणखी वळवतात. घसरणाऱ्या टायरला जास्त कोन दिला तर तो फक्त जास्त घासतो. उलट १०-१५ अंश सोडा आणि थांबा. हातात पुन्हा वजन आलं की पकड परत आली. एपेक्स उशिरा घ्या आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागेल तेव्हाच थ्रॉटल द्या, पण एकदाच. आधी दिला तर भार मागे जातो, नाक रुंद जातं, डावा टायर घासून तापतो, त्यातला दाब वाढतो आणि पुढच्या फेरीला तेच वळण आणखी वाईट होतं. वेळ जातो तो एका फेरीत नाही, या साखळीत जातो.

असेत्तो कोर्सा कोम्पेतित्सिओने या सिममध्ये कोरड्या ट्रॅकवर गरम टायरचा दाब २६ ते २७ पीएसआय हवा. डावा पुढचा सतत वर जात असेल तर त्याचा थंड दाब कमी करा. एक क्लिक म्हणजे ०.१. पुढची ब्रेक डक्ट (ब्रेकला थंड हवा देणारी वाट) एक घर उघडली तरी फरक पडतो. इंधनाचंही लक्षात ठेवा. टाकी मागे असते आणि १०० लिटर पेट्रोलचं वजन सुमारे ७५ किलो. ते संपत जातं तसा पुढच्या चाकांवरचा भाराचा वाटा वाढतो, म्हणून मी ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) स्टिंटमध्ये एकेक क्लिक पुढे नेतो. मागचं टोक ब्रेकखाली हललं की लगेच आणखी एक क्लिक पुढे.

'मग सेटअपनेच अंडरस्टिअर (नाक बाहेर जाण्याची ही खोड) घालवा ना!' घालवता येतं. पुढचा अँटी-रोल बार (वळताना गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मऊ करा, मागचा कडक करा, मागचा विंग उतरवा. एका फेरीसाठी गाडी छान वळते. पण पिटमधून थंड टायरवर निघालात किंवा पाऊस आला की तीच गाडी मागून सुटते, आणि ते हाताला कळत नाही. जे टाळण्यासाठी ही गाडी घेतली तेच परत ओढवून घ्यायचं. मी थोडा अंडरस्टिअर मुद्दाम ठेवतो.

आता तुमच्या बाजूचं. क्वालिफायिंगमध्ये मला तोटा होतो, हे खरं. स्पाच्या बस स्टॉपसारख्या शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट वळणांत) इंजिन मध्ये असलेली गाडी दिशा पटकन बदलते. तिथे गेलेला वेळ शर्यतभरात परत मिळतोच असं नाही. आणि ज्यांच्याकडे मोशन रिग (गाडीबरोबर हलणारी खुर्ची) आहे, ज्यांना मागचं टोक सुटताना खुर्चीतूनच जाणवतं, त्यांच्यापुढे माझा मुख्य मुद्दाच लंगडा पडतो. त्यांनी मला हा प्रश्न पुन्हा विचारला तर माझ्याकडे याहून चांगलं उत्तर अजून नाही.