दोन नंबरचा होल्ड

लेक सनीव्हेलला राहते, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या फेऱ्या होतातच. गोल्डन गेट, नागमोडी रस्ता, धक्क्यावर लोळणारे सी लायन, सगळं आधी बघून झालं होतं. या खेपेला मला फक्त 'एसएस जेरेमाया ओ'ब्रायन' बघायचं होतं. जावई म्हणाला, "बाबा, मालवाहू जहाजात बघायचं काय?"

14 एप्रिल 1944 ला दुपारी चारनंतर गिरगावातल्या आमच्या खोलीत फळीवरची भांडी खाली आली, हे आजीच्या तोंडून ऐकत मी मोठा झालो. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात स्फोट होऊन फुटलेलं 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज 1942 साली कॅनडात बांधलेलं. ते आणि हे ओ'ब्रायन एकाच ब्रिटिश आराखड्यातून निघालेली चुलत भावंडं. एकाच्या चिंधड्या उडाल्या, दुसरं अजून स्वतःच्या वाफेवर चालतं. जावयाला एवढं सांगितल्यावर तो मुकाट्याने गाडी काढायला गेला.

गाडी काढली ती चूकच. पार्किंगला घातलेल्या पैशांत चौघांचं जेवण झालं असतं. तुम्ही फेरी बिल्डिंगपर्यंत ट्रेनने या आणि पुढे एफ मार्गाची जुनी ट्राम धरा, किंवा पाऊण तासाच्या आत आरामात चालत जा. फेरी बिल्डिंगच्या उत्तरेला विषम आकड्यांचे धक्के, दक्षिणेला सम. माझ्याकडे जुनं मार्गदर्शक पुस्तक, म्हणून आम्ही आधी गेलो पिअर 45 ला. तिथे मे 2020 मध्ये मोठी आग लागली होती, अग्निशमन बोटीने पाण्याचा मारा करून जहाज वाचवलं. आम्हाला ते सापडलं पिअर 35 वर. तेव्हा निघण्यापूर्वी धक्का कुठला ते पक्कं करा. महिन्यातल्या ठरावीक शनिवार-रविवारी धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच इंजिन चालवतात. तारीख जुळत असेल तर त्याच दिवशी जा, बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

इंजिनघरात उतरायला लोखंडी शिड्या आहेत, जवळजवळ उभ्या. तोंड शिडीकडे ठेवून, दोन्ही हातांनी कठडा धरून उतरा. पाठीवरची सॅक घरीच बरी. रबरी तळाचे बूट हवेत आणि पांढरा शर्ट नको. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या डेकवरच रमावं. वर बोचरा वारा आणि खाली भट्टी, त्यामुळे जुलैतही जाकीट न्या आणि खाली ते काढून हातात धरा.

खाली काय आहे? तीन सिलिंडरांचं 2,500 अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. सगळ्यात मोठ्या सिलिंडरचा व्यास 70 इंच, म्हणजे आत माणूस उभा राहील. एवढं करून वेग ताशी 11 सागरी मैल! आवाज मात्र मी समजत होतो तसा खडखडाट नव्हता. गिरणीतल्यासारखा एका ठेक्यातला धप्प-धप्प, आणि गरम तेलाचा वास. एक सत्तरी ओलांडलेले स्वयंसेवक गरगर फिरणाऱ्या क्रँकजवळ हात नेत, क्षणभर बेअरिंगला तळवा लावत आणि काढून घेत. तापलंय का ते बघायची ही रीत. बोटं शाबूत होती, मोजली मी.

ओ'ब्रायन मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडला 56 दिवसांत बांधलं, जून 1943 मध्ये पाण्यात उतरलं. दुसऱ्या महायुद्धात माल वाहायला एकाच नमुन्यावर झपाट्याने बांधलेली अशी 2,710 'लिबर्टी' जहाजं झाली. रिव्हेट ठोकण्याऐवजी वेल्डिंग करायचं आणि सुटे भाग दुसरीकडे तयार करून आणायचे, हे त्या वेगामागचं मुख्य कारण. ओ'ब्रायनने इंग्लंडहून फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 11 फेऱ्या मारल्या, मग पॅसिफिक आणि हिंदी महासागर. त्यात हिंदुस्थानातली बंदरंही आली. 1946 पासून 33 वर्षं ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुइसन उपसागरात इतर शेकडो जहाजांबरोबर गंजत उभं होतं. भोवतालची एकेक भंगारात गेली. हे मूळ रूपात राहिलेलं म्हणून थॉमस पॅटरसन या अधिकाऱ्याने ते पुन्हा पुन्हा यादीच्या तळाशी ढकललं. सरकारी फायली लांबवण्याचा एवढा सदुपयोग मी दुसरा पाहिलेला नाही! 1979 मध्ये ते स्वतःच्या इंजिनावर तिथून बाहेर पडलं. 1994 मध्ये थेट नॉर्मंडीला जाऊनही आलं.

शेवटी पुढच्या बाजूला गेलो. एकूण पाच होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातले माल भरायचे कप्पे. फोर्ट स्टिकीनचा दोन नंबरचा होल्ड पेटला होता: कापसाच्या गासड्या आणि त्याच होल्डात स्फोटकं. इथल्या दोन नंबरच्या काठाशी उभा राहून खाली बघितलं. केवढा खोल! कागदावर 'कापूस भरला' वाचताना डोळ्यांसमोर एखादं गोदाम येतं, इथे आमच्या चाळीचे तीन मजले मावतील. त्या धुमसत्या खड्ड्यात वरून पाणी ओतणारे मुंबईचे बंबवाले असेच काठाशी उभे असणार. त्यांतले 66 गेले. जावईही शेजारी येऊन वाकून बघत होता. "आजींच्या घरापासून डॉक किती लांब?" त्याने विचारलं.

दोन-अडीच मैल, मी म्हटलं.