आयसोलेटेड पीएच बोर्ड: दोन ग्राउंड नक्की कुठे भेटतायत?

पाण्याचा पीएच मोजणाऱ्या प्रोबचा फ्रंट-एंड, म्हणजे सिग्नल घेणारं सर्किट, आता मुख्य बोर्डापासून आयसोलेटेड आहे: दोघांचे ग्राउंड वेगळे, मध्ये तारेचा जोड नाही. व्होल्टेजचे आकडे करणारी एडीसी चिप एडीएस१११५, आय-टू-सी या डेटाच्या तारांसाठी आयसोलेटर चिप एडीयूएम१२५० आणि पुरवठ्याला बी०५०५एस हा आयसोलेटेड कन्व्हर्टर. बीकरमधल्या बफरला (ठरावीक पीएचच्या द्रावणाला) आकडा जागचा हलत नाही. टाकीत ईसीचा, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा, प्रोब सोडला की मात्र सरकतो, आणि ईसी बंद केला की परत ठिकाणावर.

लक्षण ओळखीचं आहे. ग्राउंड एकच असेल तर ईसीने पाण्यात सोडलेल्या प्रवाहाचा काही भाग पीएचच्या रेफरन्स इलेक्ट्रोडमधून (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्यातून) परततो. २५ अंशांना एका पीएचचे जेमतेम ५९.१६ मिलिव्होल्ट, म्हणजे सहा मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले की ०.१ पीएच गेला. पण आयसोलेशन घातलं ते याचसाठी ना!

ऑसिलोस्कोप मुद्दाम लांब ठेवला. मेन्सवर चालणाऱ्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती आयसोलेटेड ग्राउंडला लावली की तरंगणारी बाजू जमिनीला बांधली जाते, आणि पडद्यावर दिसतं ते वेगळंच सर्किट.

म्हणून वीज बंद, केबल्स काढलेल्या, हातात मल्टिमीटर. आय-टू-सीचे पुल-अप (तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर) आपापल्या बाजूच्या पुरवठ्यालाच आहेत. नुसत्या बोर्डावर दोन ग्राउंडमध्ये ‘ओएल’, म्हणजे जोडच नाही. बोर्ड डब्यात बसवला की दहा किलोओहमच्या जरा खाली. कंटिन्युइटीचा बीप एवढ्याला वाजत नाही, त्यामुळे बीपवर विसंबणाऱ्याला हा जोड सापडायचा नाही. ओहमच्या रेंजवरच मोजा.

दहा किलो हा आकडाच चुगली करत होता. रेफरन्स इलेक्ट्रोड १० किलोच्या दोन रेझिस्टरांनी पुरवठ्याच्या अर्ध्या व्होल्टेजवर धरलेला आहे. म्हणजे जोड ग्राउंडला नाही, रेफरन्सला. प्रोब जोडायच्या बीएनसी कनेक्टरचं बाहेरचं कवच हीच रेफरन्सची तार. ते ॲल्युमिनियमच्या पॅनलवर नटाने आवळलेलं, आणि पॅनल मुख्य बोर्डाच्या ग्राउंडला. चिपने राखलेली दरी एका नटाने बुजवली होती.

साधा सपाट नायलॉन वॉशर इथे पुरत नाही, कारण आटे भोकाच्या कडेला टेकतातच. खांदा असलेला वॉशर हवा, नाहीतर सरळ प्लॅस्टिक बॉडीचा बीएनसी. मी दुसरा लावला. आता डबा बंद करूनही ‘ओएल’ येतं, आणि ईसी चालू-बंद केल्याने पीएच ढळत नाही.

बी०५०५एस अनरेग्युलेटेड आहे, भार कमी असला की त्याचं व्होल्टेज चढतं. आउटपुटवर २२० ओहम टाकून सुमारे २३ मिलिअँपिअरचा भार दिला.

शेवटच्या अंकातली थरथर शिल्लक आहे. संशय कन्व्हर्टरच्या दोन वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्सवर, त्यातून स्विचिंगचा गोंगाट पलीकडे जातो. आता दोन ग्राउंडमध्ये १ नॅनोफॅरड लावून बघणार. १०० किलोहर्ट्झला तो सुमारे १.६ किलोओहमची वाट देतो, ५० हर्ट्झला मात्र ३.२ मेगाओहम. इथे दोन्ही बाजू कमी व्होल्टेजच्या असल्याने साधा सिरॅमिक चालेल. एक बाजू मेन्सची असेल तर वाय-क्लासशिवाय (मेन्ससाठीच्या सुरक्षित प्रकाराशिवाय) दुसरा कपॅसिटर लावू नका.